शाळेच्या दारात आलेलं ग्रंथालय

(ग्रंथपाल दिनानिमित्त, डॉ. शियाली रामामृत रंगनाथन यांच्या स्मृतीस वाहिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावच्या जवळ पदमपूर नावाचं गाव आहे. आठव्या शतकातला संस्कृत नाटककार भवभूती नाटकाच्या प्रस्तावनेत आपल्या पूर्वजांचं गाव म्हणून विदर्भातल्या पद्मपुराचं नाव घेतो, आणि महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी ते पद्मपूर म्हणजे हेच पदमपूर, असा निष्कर्ष मांडला. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचंच नाव आहे. त्यामुळे या भागातल्या आठवी-नववीच्या मुलीला हे नाव नवं नसतं. समजा, तिला एके दिवशी वाटलं की आपल्याकडच्या या माणसानं लिहिलं तरी काय, ते एकदा बघावं.

पंचवीस वर्षांपूर्वी हे कुतूहल नागपूरच्या एखाद्या मोठ्या ग्रंथालयापर्यंत पोचू शकलं असतं. त्यासाठी गाडीचं तिकीट, सोबत यायला कुणी मोठं माणूस आणि सभासदत्व, इतकं सगळं जुळून यावं लागलं असतं. आज वडलांचा फोन हातात आला की काम भागतं. मराठी विश्वकोशात भवभूतीवर नोंद आहे आणि विश्वकोश इंटरनेटवर सर्वांसाठी खुला आहे. त्याचं ‘उत्तररामचरित’ मूळ संस्कृतात आणि इंग्रजी टीपांसह इंटरनेट अर्काइव्हवर मिळतं. एकोणिसाव्या शतकात परशुरामतात्या गोडबोले यांनी हे नाटक मराठीत आणलं होतं. शोधणाऱ्याला वाट आहे, आणि तिच्यावर एक रुपयाही लागत नाही.

पण त्या मुलीच्या पडद्यावर प्रत्यक्षात काय उघडतं? शंभर वर्षांपूर्वीच्या छापील पानांची छायाचित्रं. अक्षर बारीक, पानं पिवळी, भाषा जुनी, फाइल जड. पहिल्या पानावर तिला ओळखीचं एकही वाक्य भेटत नाही. ती फोन खाली ठेवते, आणि तिचं काही चुकलं असं कुणी म्हणू नये. तिला आधी विश्वकोशातली नोंद वाचायला सांगणारं, मग रामायणातला सीतात्यागाचा भाग आठवून देणारं, मग नाटकातला एखादाच प्रवेश निवडून चार मैत्रिणींत वाटून मोठ्यानं वाचायला लावणारं कुणीतरी हवं होतं. पुस्तक तिच्यापर्यंत पोचलं आणि वाचन तिथेच अडलं. गोंदियासारख्या जिल्ह्यात शाळा आणि सामाईक डिजिटल संग्रह यांच्यामध्ये आज जी दरी आहे, ती नेमकी एवढ्या जागेत आहे. ती भरून काढता येण्याजोगी आहे, म्हणूनच तिच्याविषयी तपशिलानं बोलायला हवं.

संग्रह किती मोठा झाला आहे याची कल्पना अजून अनेक शाळांना नाही. भारताचं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय खरगपूरच्या आयआयटीनं उभं केलं आणि १९ जून २०१८ रोजी ते देशाला अर्पण झालं. प्राथमिक शाळेपासून संशोधनापर्यंतचं साहित्य तिथे एकाच खिडकीतून शोधता येतं. त्याच्या आधी, ५ सप्टेंबर २०१७ रोजी, ‘दीक्षा’ हे शालेय शिक्षणाचं डिजिटल व्यासपीठ सुरू झालं. पाठ्यपुस्तकावरचा क्यूआर कोड फोननं टिपला की त्या धड्याशी जोडलेलं साहित्य उघडतं. या कोडची वाट महाराष्ट्रातल्याच एका जिल्हा परिषद शाळेनं आधी चाचपून पाहिली होती. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे राज्यानं ती पद्धत उचलली आणि २०२० मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बालभारतीची पाठ्यपुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झालं. त्याचे जुने अंकही आता मोफत वाचता येतात. मराठीतल्या जाणत्या लेखकांनी आणि चित्रकारांनी मुलांसाठी केलेलं पन्नास वर्षांचं काम एका जागी ठेवलेलं आहे. केवळ ‘किशोर’चा हा संग्रह एखाद्या शाळेनं नीट वापरला, तरी चौथी ते आठवीच्या मुलांना वर्षभर वाचायला पुरून उरेल. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ ८ सप्टेंबर २०१५ पासून चालू आहे. तिथल्या गोष्टी वाचायला, छापायला, भाषांतरित करायला मोकळ्या आहेत. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं, विश्वकोश मंडळाचं काम, मराठी विकिपीडिया आणि विकिस्रोत ही आणखी भर.

२०२३-२४च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुलं आणि किशोरवयीनांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय उभारण्याची घोषणा झाली. त्यातून नॅशनल बुक ट्रस्टमार्फत ‘राष्ट्रीय ई-पुस्तकालय’ आलं. त्या घोषणेतला दुसरा भाग मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. राज्यांनी पंचायत आणि प्रभाग पातळीवर प्रत्यक्ष ग्रंथालयं उभी करावीत आणि डिजिटल ग्रंथालय वापरण्याची सोय तिथे द्यावी, असं त्यात म्हटलं होतं. पडद्यावरच्या ग्रंथालयालाही गावात एक खोली आणि त्या खोलीत एक माणूस लागतो, हे घोषणा करणाऱ्यांना कळत होतं. पुस्तकं आली. खोली आणि माणूस यांचं काम मागे राहिलं.

फोन तर आता घरोघर आहेत, मग अडचण काय, असा प्रश्न येतो. ग्रामीण भारतातल्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४च्या अहवालात याचं उत्तर सापडतं. १४ ते १६ वयोगटातल्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८० टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येतो. वापरता येणाऱ्यांपैकी, आदल्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित कशासाठी तरी फोन वापरला असं सांगणारी मुलं ५७ टक्के होती. समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. स्वतःचा म्हणावा असा फोन असलेल्यांत मुलींचं प्रमाण मुलग्यांपेक्षा बरंच कमी आहे. म्हणजे यंत्र पोचलं, ते चालवण्याचं कसब पोचलं, आणि त्याचा वाचनासाठी उपयोग करायची सवय मागे राहिली. मुलींच्या बाबतीत ती आणखी मागे राहिली.

या आकड्यांखाली गोंदियाचं रोजचं जगणं ठेवून पाहायला हवं. हा धानाचा जिल्हा. रोवणीच्या दिवसांत आणि कापणीच्या दिवसांत घरातली मोठी माणसं दिवसभर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, असतात, उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफूल आणि तेंदूपत्ता असतो, आणि मिरची तोडायला तेलंगणात जाणारी कुटुंबंही कमी नाहीत. घरातला एकुलता एक फोन माणसाबरोबर जातो. तो संध्याकाळी परततो तेव्हा बॅटरी संपत आलेली असते, दिवसाचा डेटा संपलेला असतो आणि फोनवर पहिला हक्क मोठ्या भावाचा असतो. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतल्या जंगलालगतच्या गावांत नेटवर्क धरायला घराबाहेर यावं लागतं. अशा घरातल्या सहावीतल्या मुलीला ‘लिंक पाठवली आहे, वाचून ये’ असं सांगणं पुरेसं नाही. सामाईक संग्रह वापरण्याची पहिली जागा शाळाच असायला हवी. घराची पाळी त्यानंतर येते.

शाळेत हे काम कुणी करायचं? शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असलंच पाहिजे आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं हवीत. त्या ग्रंथालयाला ग्रंथपाल मात्र कायद्यानं दिलेला नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचं पदच नसतं. माध्यमिक शाळांत ते विद्यार्थिसंख्येवर ठरतं, त्यामुळे जिथे पट लहान तिथे पद नाही. गोंदियाच्या पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या तालुक्यांत लहान पटाच्याच शाळा जास्त. ज्यांना पुस्तकांची सर्वांत अधिक गरज, त्यांच्याच वाट्याला पुस्तक हाती देणारा माणूस येत नाही. दोन शिक्षक चार-पाच वर्ग सांभाळतात, पोषण आहाराच्या नोंदी ठेवतात, माहित्या भरतात. त्यांनी रात्री बसून शंभर गोष्टींतून आपल्या वर्गासाठी पाच निवडाव्यात, ही अपेक्षा अन्यायाची आहे. तरीही असे शिक्षक आहेत आणि ते हे करतात. त्यांच्या उत्साहावर सगळी व्यवस्था टांगून ठेवायची नाही, एवढं तरी शासनानं मान्य करायला हवं.

सामाईक संग्रह दूरच्या गावांत नेण्याचा प्रश्न आपल्याकडे प्रथमच उभा राहिलेला नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि संस्थानात ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. त्यातला सर्वांत हुशारीचा भाग फिरत्या पेट्यांचा होता. कुलूप लागणाऱ्या लाकडी पेट्यांत निवडक पुस्तकं भरायची आणि ती पेटी गावोगाव धाडायची. नेण्या-आणण्याचा खर्च संस्थानचा. पेटी गावातल्या एखाद्या जबाबदार माणसाच्या हवाली होई. मुदत संपली की ती परत यायची आणि दुसरी जायची. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम ग्रंथरूपानं मांडले. त्याच वर्षी तमिळनाडूतल्या मन्नारगुडीला बैलगाडीवरचं फिरतं ग्रंथालय सुरू झालं आणि त्याच्या उद्घाटनाला ते स्वतः गेले होते. एकेकाळी गणिताचे प्राध्यापक असलेल्या या माणसाला वर्गीकरणाइतकंच बैलगाडीचंही महत्त्व वाटत होतं. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा त्यांचा पहिला नियम; प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे पुढचे दोन.

बडोद्याच्या पेटीत आजच्या डिजिटल संग्रहात नसलेली एक गोष्ट होती. पेटी कुणाच्या तरी नावावर दिलेली असे. गावात पुस्तकं वाचली गेली का, कुठली आवडली, पुढच्या वेळी काय पाठवावं, हे विचारायला समोर एक माणूस होता. क्यूआर कोडखाली कुणाची सही नसते. कोट्यवधी नोंदींचं ग्रंथालय सगळ्यांचं असतं, म्हणून शाळेतल्या कुणाही एकाच्या जबाबदारीचं राहत नाही. सामाईक संग्रहाला शाळेच्या पातळीवर एक नाव जोडणं, ही पहिली दुरुस्ती.

ती केली की काय होतं, याचं एक चांगलं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. करोनाच्या काळात शाळा बंद असताना, नोव्हेंबर २०२० पासून, राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, युनिसेफ आणि प्रथम बुक्स यांनी मिळून ‘गोष्टींचा शनिवार’ सुरू केला. दर शनिवारी वर्गांच्या पातळीनुसार निवडलेली गोष्ट शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांतून पालकांपर्यंत जायची. स्टोरीवीव्हरवर हजारो गोष्टी होत्याच, आधीपासून होत्या आणि कुणालाही खुल्या होत्या. या उपक्रमानं त्यांत निवड आणली, वार ठरवून दिला आणि गोष्ट पाठवणारा ओळखीचा माणूस दिला. ‘हजारो गोष्टी आहेत, बघा’ आणि ‘आज शनिवार, ही गोष्ट’ या दोन सांगण्यांत फार अंतर आहे, आणि लहान मुलाचं वाचन दुसऱ्या सांगण्यानं सुरू होतं. अशी साधी, स्वस्त, कुठल्याही नव्या ॲपची गरज नसलेली कामं शिक्षणात कमी होतात. म्हणून या उपक्रमाची आठवण ठेवायला हवी.

गोंदियाच्या बाबतीत यात एक भर घालावी लागेल, आणि ती भाषेची आहे. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन्ही राज्यांच्या सीमेवरचा हा जिल्हा. मराठीच्या जोडीला घराघरांत झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी, हिंदी बोलली जाते. पहिलीत आलेल्या मुलाची घरची भाषा गोंडी असेल तर पाठ्यपुस्तकाचं मराठी त्याला शिकावं लागतं, आणि त्या काळात त्याला वाचनाची गोडी लागण्याऐवजी धाक बसतो. छापील पुस्तकांच्या बाजारात गोंडी बालसाहित्याला जागा मिळणं अवघड. प्रती किती खपणार हा प्रश्न प्रकाशकाला सोडत नाही. डिजिटल संग्रहात तो प्रश्नच येत नाही. २०१८ मध्ये प्रथम बुक्सनं छत्तीसगडमधल्या सीजीनेट स्वरा या संस्थेच्या सोबतीनं मुलांच्या काही गोष्टी गोंडीत आणल्या. शेजारच्या बालाघाटच्या मुंशी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी स्वतंत्र लिपी तयार केली आणि २०१७ मध्ये त्या लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. जिल्ह्यातल्याच कचारगडच्या गुहांकडे माघ पौर्णिमेला चालत जाणारी हजारो माणसं ज्या भाषेत गातात, तिच्यातली गोष्ट आता शाळेतल्या पडद्यावर दिसू शकते.

दिसू शकते म्हणजे दिसते असं नव्हे. त्या गोष्टी शोधून, उतरवून, सालेकसा-देवरीच्या शाळांत नेऊन ठेवाव्या लागतील. आणि इथे शाळा घेणारी तशीच देणारीही होऊ शकते. स्टोरीवीव्हरवर कुणालाही गोष्टीचं भाषांतर करता येतं. सातवीच्या मुलांनी आजीला विचारून एखाद्या मराठी गोष्टीचं गोंडी किंवा झाडीबोली रूप केलं, शिक्षकांनी तपासलं, तर ते पहिलीच्या मुलांना लगेच वाचता येईल. भाषा शिकवण्याचे याहून चांगले तास फार थोडे असतील. झाडीबोलीसाठी साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर काम केलं. त्या कामाचा पुढचा मुक्काम शाळेतला असायला काय हरकत आहे?

वरच्या वर्गांची गरज वेगळी. त्यांना ‘प्रकल्प’ करायचे असतात, आणि प्रकल्प म्हणजे बऱ्याचदा मुख्य रस्त्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेली चार पानं. मुलांना दोष देऊन उपयोग नाही. प्रश्नच असा दिलेला असतो की उत्तर उतरवून काढावं. प्रश्न गावातला असेल तर संग्रहाचा उपयोग बदलतो. एक विषय घेऊन पाहू: आपल्या गावचा तलाव कुणी खोदला?

भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत हा सगळा भंडारा जिल्हाच होता, हे मुलांना आधी सांगावं लागतं, नाहीतर जुन्या संदर्भांत त्यांना आपला जिल्हाच सापडत नाही. मग १९०८चं मध्य प्रांताचं भंडारा गॅझेटिअर उघडता येतं. आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेल्या या ग्रंथात कोहळी समाजाची आणि त्यांनी बांधलेल्या तलावांची माहिती आहे. ते इंग्रजीत आहे, आणि राज्यकर्त्याच्या नजरेतून लिहिलेलं आहे. दोन्ही गोष्टी शिक्षकानं समजावून द्यायच्या. त्याच्याशेजारी अनुपम मिश्र यांचं ‘आज भी खरे हैं तालाब’ ठेवायचं. १९९३ मध्ये निघालेल्या या हिंदी पुस्तकावर लेखकानं स्वामित्वहक्क ठेवलाच नाही; ज्याला हवं त्यानं छापावं, वाटावं. गोंदियातल्या मुलांना हिंदी परकी नाही, त्यामुळे त्यांना ते सहज वाचता येईल. त्यानंतर गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं इथे सांगतात. गॅझेटिअर काय म्हणतं, गाव काय म्हणतं, आणि बांधाच्या पाळीवर उभं राहून आपल्याला काय दिसतं, हे तीन रकान्यांत लिहिलं की आठवीतली मुलगी पुरावा तपासायला शिकते. तिनं लिहिलेलं पान खरोखर तिचं असतं.

तलावाच्या या मुलखाला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही: तलाव भरला म्हणून शेवटच्या बांधीत पाणी पोचत नाही; पाट काढावे लागतात आणि पाळीनं पाणी सोडणारा माणूस लागतो. सामाईक ग्रंथसंग्रहाचं काम याच धर्तीवर उभं करायला हवं, आणि त्यासाठीची रचना जिल्हा परिषदेकडे आधीच आहे. आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं. केंद्राची शिक्षण परिषद भरते, तिथे सगळ्या शाळांचे शिक्षक एकत्र येतात. या केंद्राला एक ग्रंथपाल द्यावा. त्यानं केंद्रशाळेत बसावं, आठवड्यातले काही दिवस शाळांत फिरावं, आणि शिक्षण परिषदेच्या दिवशी पुढच्या महिन्याचा ‘संच’ प्रत्येक शाळेच्या हाती द्यावा: पहिली-दुसरीसाठी चार गोष्टी, तिसरी ते पाचवीसाठी ‘किशोर’मधली निवड, वरच्या वर्गांसाठी एका स्थानिक प्रश्नाभोवतीचं साहित्य, आणि कुठलं पान कशासाठी वापरायचं याची अर्ध्या पानाची टीप. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन नोकरीची वाट पाहणारी मुलं-मुली विदर्भात आहेत. त्यांना मानधन देण्याचा खर्च पडदे आणि टॅब यांच्या खरेदीच्या मानानं लहान ठरेल.

नेटवर्कची अडचण यातून बरीचशी सुटते, कारण संच मेमरी कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर जाऊ शकतो. त्याच्या पुढचीही सोय आहे. ‘कोलिब्री’ नावाची मोफत प्रणाली तळहातावर मावणाऱ्या रास्पबेरी पाय संगणकावर चालते. तो शाळेत ठेवला की इंटरनेट नसतानाही वर्गातले टॅब आणि फोन वाय-फायवरून त्यातलं साहित्य उघडतात. ‘किविक्स’मधून आख्खा मराठी विकिपीडिया असा उतरवून ठेवता येतो. २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर गावकऱ्यांच्या वर्गणीतून अनेक शाळांत टीव्ही आणि प्रोजेक्टर आले. लहान वर्गांसाठी तेच सर्वांत उपयोगी: मोठ्या पडद्यावर एक पान, शिक्षिकेची काठी ओळीखाली सरकते आहे, आणि सगळा वर्ग एका सुरात वाचतो आहे. प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र यंत्र असण्यापेक्षा पहिली-दुसरीत याचा फायदा जास्त, कारण अडलेलं मूल शेजारच्याच्या आवाजाला धरून पुढे जातं.

शोध घेणं हेही शिकवावं लागतं, आणि ते फारसं कुणी शिकवत नाही. मुलं इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द टाइप करतात आणि समोर व्हिडिओंची रांग येते. देवनागरीत टाइप करून, किंवा बोलून लिहिण्याची सोय वापरून, तोच शब्द विश्वकोशाच्या पानावर शोधला तर वेगळं जग उघडतं. ‘सारस’ हा शब्द घ्या. महाराष्ट्रात सारस पक्षी उरले आहेत ते प्रामुख्यानं गोंदिया जिल्ह्यात, धानाच्या बांध्यांत आणि तलावांच्या काठी. तो पक्षी शेतात घरटं करतो, वर्षानुवर्षं जोडीनं राहतो, विजेच्या तारांना आणि कीटकनाशकांना बळी पडतो. यातली कुठली माहिती कुठे मिळाली, ती कुणी लिहिली, कधी लिहिली, हे वहीत नोंदवायची सवय सहावीपासून लावता येते. दोन तासिका पुरतात. ही सवय लागलेलं मूल पुढे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसेल तेव्हा व्हॉट्सॲपवर आलेल्या चुकीच्या प्रश्नसंचाला सहज फसणार नाही.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा विचार या चर्चेत नेहमी शेवटी येतो, म्हणून तो इथे जरा सविस्तर. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांसाठी सुलभ प्रती करण्यातली स्वामित्वहक्काची अडचण दूर करणारा माराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला. ऑगस्ट २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू झालं. त्यात नोंदणी केली की ऐकता येतील, ब्रेलमध्ये काढता येतील किंवा मोठ्या अक्षरांत पाहता येतील अशी पुस्तकं मिळतात. समावेशित शिक्षणाचं काम करणारे विशेष शिक्षक तालुक्यात असतात. एखाद्या शाळेत असं एकच मूल असेल, तरी त्या मुलाची नोंदणी झाली का, हा प्रश्न तपासणीला येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यानं विचारायला हवा. छापील पुस्तकांच्या शाळेत हे मूल कायम दुसऱ्याच्या वाचनावर अवलंबून राहिलं. डिजिटल संग्रहात ते प्रथमच स्वतः पुस्तक निवडू शकतं.

मुलांच्या नावानं खाती उघडण्याबाबत मात्र सावधगिरी हवी. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेताना पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक केली आहे. वर दिलेल्या बहुतेक संग्रहांतलं वाचन खातं न उघडताही होतं. जिथे खातं लागतं तिथे शाळेचं एक असावं. मुलांचे फोन क्रमांक, जन्मतारखा, फोटो कुठल्याही खासगी ॲपला देऊ नयेत.

आता हक्कांचा प्रश्न, ज्याच्याशिवाय हे बोलणं अपुरं राहील. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. साने गुरुजींचं निधन १९५० मध्ये झालं, म्हणून त्यांचं साहित्य २०११ पासून सर्वांना खुलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०१७ पासून. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकांसाठी २०३० उजाडावं लागेल. शिक्षकांच्या गटांत नव्या मराठी पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ फिरतात, त्या हेतूनं चांगल्या असल्या तरी लेखकाच्या आणि लहान प्रकाशकाच्या पोटावर येतात. मुलांना वाचनाची गोडी लावताना लेखकाचं देणं बुडवायला शिकवलं, तर शाळा एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेते.

यावर मार्ग आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये ‘ओपन ईबुक्स’ नावाचा उपक्रम सुरू झाला. गरीब वस्त्यांतल्या मुलांना चालू लेखकांची पुस्तकं मोफत मिळावीत म्हणून प्रकाशकांनी ती दिली, आणि मुलांपर्यंत पोचायचे संकेतांक शिक्षक आणि ग्रंथपाल यांच्यामार्फत वाटले. आपल्याकडे केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेला मंजुरी दिली आणि संशोधन-पत्रिकांसाठी तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये ठेवले. विद्यापीठातल्या संशोधकासाठी देश एकत्रितपणे सदस्यत्व घेऊ शकतो, तर शाळेतल्या वाचकासाठी राज्य ते घेऊ शकतं. मराठीतल्या निवडक पुस्तकांचा शालेय वाचन-परवाना राज्यानं प्रकाशकांकडून विकत घ्यावा, लेखकांना त्यांचं मानधन मिळावं, आणि ती पुस्तकं जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत उघडावीत. मागणी वाजवी आहे आणि ती मोठ्या आवाजात करायला हवी.

सुरुवात गोंदियातूनच व्हावी याला कारण आहे. साताऱ्यातल्या भिलारनंतर ‘पुस्तकांचं गाव’ ही योजना राज्यभर नेताना जी गावं निवडली गेली, त्यांत नवेगावबांध आहे. हे मारुती चितमपल्लींचं नवेगावबांध. वनाधिकारी म्हणून ते इथे राहिले, इथल्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून रान वाचायला शिकले, आणि तलावावरच्या पाखरांवर, जंगलातल्या माणसांवर मराठीत जे लिहिलं ते दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही. जून २०२५ मध्ये ते गेले. कायद्याच्या हिशेबानं त्यांची पुस्तकं २०८६ मध्ये खुली होतील. आज तिसरीत असलेली मुलं तेव्हा सत्तरीच्या घरात पोचलेली असतील. तोवर थांबायचं कारण नाही. राज्य मराठी विकास संस्था, जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग आणि संबंधित प्रकाशक यांनी एकत्र बसून चितमपल्लींच्या पुस्तकांचा परवाना आधी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या शाळांपुरता, एका वर्षासाठी, करून पाहावा. नवेगावबांधच्या केंद्राला पहिला ग्रंथपाल द्यावा. वर्षअखेरीस किती पुस्तकं उघडली याच्या आकड्यांबरोबर मुलांनी काय लिहिलं, कुठले पक्षी ओळखले, कुठल्या शब्दांना अडली आणि कुणाला विचारलं, याच्या वह्या मागवाव्यात, आणि त्या वाचून पुढच्या वर्षी सालेकसा आणि देवरीला काय बदलून न्यायचं ते ठरवावं.